आइस हॉकी : क्रीडांगण, नियम आणि खेळतंत्र

आइस हॉकी हा गोठविलेल्या बर्फाच्या पृष्ठावर, पायांत स्केट घालून व हातात वाकड्या पात्याची लांब काठी घेऊन खेळावयाचा सांघिक खेळ. प्रत्येक संघाचे एका वेळी सहा खेळाडू क्रीडांगणावर असतात : गोलरक्षक, दोन बचावपटू व आघाडीचे तीन खेळाडू. व्हल्कनीकृत रबराची, ७.६२ सेंमी. व्यासाची, २.५४ सेंमी. जाडीची व १५६ ते १७० ग्रॅ. वजनाची चकती प्रतिपक्षाच्या १.८३ मी. रुंद व १.२२ मी. उंच गोलात घालणे, हे खेळाचे उद्दिष्ट होय. सामना प्रत्यक्ष खेळाच्या साठ मिनिटांचा असून तो वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत विभागलेला असतो. क्रीडांगणाची मापे, त्यावर आखलेल्या रेषा व त्या रेषांना जोडलेले नियम यांमुळे या खेळाला कसे वळण लागत गेले, एवढ्याचाच विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

मैदानी हॉकी पाहण्याची सवय असलेल्यास या खेळात काही गोष्टी प्रथमदर्शनीच निराळ्या वाटतात. क्रीडांगणाभोवती सु. १.०७ मी. उंचीचा फळ्यांचा कठडा व त्यावर पारदर्शक तावदाने असतात. चकती कठड्यावर आपटून परत येते आणि खेळ चालूच राहतो. ‘रेषेबाहेर’ अशी कल्पना येथे जवळजवळ नाहीच. गोल मागच्या कठड्यापासून तीन-चार मीटर पुढे उभा असतो, त्यामुळे त्याच्या पाठीमागेही चकती खेळविता येते. बदली खेळाडू खेळ न थांबविता घेता येतात. खेळाडू साधारणतः पाऊण मिनिट पूर्ण ताकदीने खेळतो आणि बाकावर परततो. मैदानी हॉकीचे क्रीडांगण ९१.४ मी. लांब व ५५ मी. रुंद असते, आइस हॉकीचे क्षेत्रफळ त्याच्या सु. एक-तृतीयांश भरते, आणि त्यात खेळाडू मात्र ताशी ३० ते ४० किमी. वेगाने फिरत असतात. अशा दाटीत अर्धा मीटर जागा व पाव सेकंद वेळ यांनाही मोल येते.

क्रीडापृष्ठ बदलले की खेळ बदलतो, हे भारतीय वाचकास नवे नाही. माँट्रिऑल येथील १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये मैदानी हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि नैसर्गिक गवतावर वाढलेल्या भारतीय खेळाला तिच्याशी जुळवून घेणे जड गेले. आइस हॉकीचे पृष्ठ बर्फाचेच राहिले. बदलत गेल्या त्या रेषा, मापे व नियम.

क्रीडांगणाची मापे : बंदिस्त जागेतील पहिला संघटित सामना याच माँट्रिऑल शहरात, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या इमारतीत, ३ मार्च १८७५ रोजी झाला. जेम्स क्रायटन याने तो योजला होता व प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरण्यात आली. पुढे रबराची झालेली चकती ही त्याच सावधगिरीची वारसदार होय. इमारतीतील बर्फाचे क्षेत्र सु. ६२ मी. लांब व २४ मी. रुंद होते. ते स्केटिंगच्या हौसेसाठी बांधलेले होते, हॉकीचा विचार त्यामागे नव्हता. तरीही त्याच्या आसपासचे माप उत्तर अमेरिकेत रूढ झाले. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या तेथील प्रमुख व्यावसायिक संघटनेचे प्रमाणित क्रीडांगण ६०.९६ मी. (२०० फूट) लांब व २५.९१ मी. (८५ फूट) रुंद असते. एका शहरातील एका इमारतीच्या भिंतींनी खेळाची चौकट ठरवावी, अशी उदाहरणे क्रीडा-इतिहासात फार नाहीत.

यूरोपात मात्र क्रीडांगण रुंद राहिले. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांत दीर्घकाळ ६० मी. लांब व ३० मी. पर्यंत रुंद असे माप प्रचारात होते. फिनलंडमधील पुष्कळ क्रीडांगणे या दोहोंच्या मध्ये, २८ मी. रुंदीची आहेत. म्हणजे लांबी जवळजवळ सारखी आणि फरक रुंदीतील चार मीटरचा. कोपऱ्यांची वक्रता वजा करता एनएचएलच्या क्रीडांगणाचे क्षेत्रफळ सु. १,५१५ चौ. मी., तर ६० × ३० मी. मापाच्या क्रीडांगणाचे सु. १,७४० चौ. मी. होते, म्हणजे सु. १५ टक्के अधिक. दोन्ही संघांचे गोलरक्षक वगळता दहा खेळाडू धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद क्रीडांगणावर सु. १५० आणि रुंद क्रीडांगणावर सु. १७५ चौ. मी. बर्फ येतो.

एवढ्यावरून रुंद क्रीडांगणावर गोल अधिक होत असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही वाढीव जागा नेमकी कोठे पडते, ते पाहिले पाहिजे. गोलासमोरच्या भागात, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना, चकती खेळात आणण्याचे दोन ठिपके असतात. एनएचएलमध्ये ते मध्यापासून ६.७ मी. वर, तर ३० मी. रुंदीच्या क्रीडांगणावर सु. ७ मी. वर असतात. ठिपक्यापासून बाजूच्या कठड्यापर्यंतचे अंतर पहिल्यात सु. ६.२५ मी. व दुसऱ्यात सु. ८ मी. भरते. याचा अर्थ असा, की जास्तीची बहुतेक सर्व जागा कठड्यालगतच्या पट्ट्यात जाते. तेथून गोल तिरपा व अरुंद दिसतो आणि फटका मारला तरी गोलरक्षकास तो अडविणे सोपे जाते. हुशार बचाव संघ ही बाहेरची जागा प्रतिपक्षास खुशाल देऊन टाकतो, आपले चार-पाच खेळाडू गोलासमोरच्या पट्ट्यात दाटीने उभे करतो आणि प्रतिपक्षाला कठड्याच्या कडेने फिरत ठेवतो. चकतीवर ताबा अधिक वेळ राहतो, पास देखणे होतात, पण गोल होतोच असे नाही.

अरुंद क्रीडांगणावर याच्या उलट घडते. ताशी ३० किमी. वेगाने येणारा बचावपटू दोन मीटर अंतर पाव सेकंदात कापतो. चकती घेऊन कठड्याकडे वळलेल्या खेळाडूला तेवढाच वेळ कमी मिळतो. त्यामुळे निर्णय झटपट घ्यावे लागतात, धडका अधिक होतात, चुका अधिक होतात आणि ताब्यातून सुटलेली चकती गोलापासून फार दूर नसते. काही जुनी क्रीडांगणे तर प्रमाणित मापाहूनही लहान होती. बॉस्टन गार्डनचा बर्फ सु. ५८.२ मी. लांब व २५.३ मी. रुंद होता. १९९५ पर्यंत तेथे खेळणाऱ्या बॉस्टनच्या संघाने धिप्पाड, कोपऱ्यात प्रतिस्पर्ध्याला दाबून धरणारे खेळाडू निवडावेत, हे त्या बर्फाला साजेसेच होते.

पास आणि निळी रेषा : क्रीडांगणाच्या मापांपेक्षाही खेळावर अधिक खोल परिणाम झाला तो पासविषयक नियमांचा. माँट्रिऑल येथे १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेले नियम रग्बीच्या वळणाचे होते. चकतीच्या पुढे असलेल्या सहकाऱ्याला पास देता येत नसे. पास मागे वा आडवाच द्यावा लागे. त्यामुळे एकट्याने चकती हाकत नेण्याचे कौशल्य हाच खेळाचा गाभा होता. या खेळात सात खेळाडू असत व सातवा ‘रोव्हर’ म्हणून मोकळा फिरे. पूर्व कॅनडातील व्यावसायिक संघटनेने १९११ मध्ये हा सातवा खेळाडू काढून टाकला. पॅसिफिक किनाऱ्यावरील संघटनेने त्याला १९२२ पर्यंत ठेवले.

पॅसिफिक किनाऱ्यावरील ही संघटना फ्रँक व लेस्टर पॅट्रिक या बंधूंनी उभी केली होती. नियमांकडे प्रयोगाच्या दृष्टीने पाहणारे असे संघटक या खेळाला पुन्हा क्वचितच लाभले. त्यांनी १९१३-१४ च्या हंगामात बर्फावर दोन निळ्या रेषा आखून क्रीडांगणाचे तीन भाग केले आणि मधल्या भागात पुढे पास देण्यास मुभा दिली. एनएचएलने ही पद्धत १९१८-१९ मध्ये स्वीकारली. गोलरक्षकाने गुडघे टेकून वा आडवे पडून चकती अडवू नये, हे जुने बंधनही याच सुमारास, जानेवारी १९१८ मध्ये, एनएचएलमध्ये सुटले.

तथापि आक्रमक भागात पुढे पास देण्याची बंदी कायम होती, आणि गोलरक्षणाची कला मात्र झपाट्याने सुधारत होती. परिणामी १९२८-२९ च्या हंगामात खेळ जवळजवळ कोंडला. माँट्रिऑलच्या संघाचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ सामन्यांपैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात सरासरी तीनही गोल होत नव्हते. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला सलग गोलशून्य सामने दाखवून व्यवसाय चालणार नाही, हे चालकांनी ओळखले व १९२९-३० च्या हंगामारंभी तिन्ही भागांत पुढे पास देण्यास परवानगी दिली.

औषध गरजेपेक्षा तीव्र ठरले. चकती आक्रमक भागात येण्याआधीच एखादा खेळाडू प्रतिपक्षाच्या गोलरक्षकासमोर जाऊन उभा राहू लागला. गोलांचा पाऊस पडू लागला आणि हंगाम चालू असतानाच, डिसेंबर १९२९ मध्ये, नियम पुन्हा बदलावा लागला : चकतीच्या आधी कोणत्याही आक्रमक खेळाडूने निळी रेषा ओलांडू नये. आजचा ऑफसाइडचा नियम तो हाच. त्या हंगामातील अव्वल खेळाडू कूनी वाइलँड याने गोल व साहाय्य मिळून ७३ गुण मिळविले. आदल्या वर्षी पहिल्या आलेल्या एस बेलीचे गुण अवघे ३२ होते. बर्फ तोच, गोल तेवढाच, खेळाडूही बहुतेक तेच. गुण दुपटीहून अधिक झाले ते नियमपुस्तकातील एका परिच्छेदामुळे.

आयसिंग व तांबडी रेषा : आघाडी मिळालेल्या संघाला वेळ काढण्याचा एक सोपा मार्ग होता. चकती आपल्या भागातून जोराने मारून थेट दुसऱ्या टोकाला पाठवायची, प्रतिपक्षाने ती परत आणेपर्यंत दम खायचा आणि पुन्हा तेच करायचे. १९३१-३२ च्या हंगामात न्यूयॉर्क अमेरिकन्स या संघाने बॉस्टनमध्ये आपली आघाडी याच रीतीने टिकविली. पुढच्या भेटीत बॉस्टनच्या संघाने तेच तंत्र त्यांच्यावर उलटविले व तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ‘आयसिंग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला १९३७ मध्ये आळा घालण्यात आला. अशी चकती मारल्यास खेळ थांबवून तो मारणाऱ्या संघाच्याच गोलाजवळ सुरू करावयाचा, असे ठरले. शिक्षा म्हणून एक खेळाडू कमी असलेल्या संघाला मात्र ही मुभा अजूनही बहुतेक ठिकाणी आहे.

यातून दुसरीच अडचण उद्‌भवली. बचाव भागातून निळ्या रेषेपलीकडे पास देता येत नसे. चकती स्वतः खेळवीत रेषेबाहेर न्यावी लागे. आक्रमक संघ मग आपले पाचही खेळाडू प्रतिपक्षाच्या भागात घुसवून चकती बाहेरच पडू देत नसे. न्यूयॉर्क रेंजर्सचा प्रशिक्षक फ्रँक बाउचर याच्या पुढाकाराने १९४३-४४ मध्ये क्रीडांगणाच्या मध्यभागी तांबडी रेषा आखण्यात आली व बचाव भागातून तिथवर पास देण्याची सवलत मिळाली. कोंडी फुटली आणि खेळाला वेग आला. एनएचएलच्या आधुनिक काळाचा आरंभ पुष्कळ जण या रेषेपासून मानतात. तांबड्या रेषेपलीकडे पास मात्र निषिद्धच राहिला. तत्कालीन परिस्थितीत मोकळीक म्हणून आलेली ही रेषा पन्नास वर्षांनी अडसर ठरणार होती.

मधल्या काळात कॅनडात एक ठसठशीत शैली घडली. अरुंद बर्फावर निळ्या रेषेपाशी बचावपटूंची भिंत उभी असे. तिच्यातून चकती नेण्याऐवजी ती मागच्या कोपऱ्यात फेकायची, पाठोपाठ धावायचे, बचावपटूला कठड्यावर दाबून चकती काढून घ्यायची व गोलासमोर पाठवायची. रांगडी वाटली तरी ही पद्धत मापांशी व नियमांशी पूर्ण सुसंगत होती.

सोव्हिएट शैली : सोव्हिएट संघात दुसऱ्या महायुद्धापर्यंत बँडी हा खेळ लोकप्रिय होता. तो फुटबॉलच्या मैदानाएवढ्या बर्फावर, अकरा-अकरा खेळाडूंनी, चेंडूने खेळला जातो. मोकळ्या जागेत सतत धावत राहणे व जागा हेरून पास देणे हे त्याचे मर्म. आइस हॉकीची पहिली सोव्हिएट राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे खेळाडू बँडीतूनच आले. आनातोली तारासोव्ह या प्रशिक्षकाने त्यांच्या सवयी मोडण्याऐवजी त्यांवरच नव्या खेळाची उभारणी केली. चकती प्रतिपक्षाच्या भागात फेकून देणे म्हणजे हातचे धन सोडणे, अशी त्याची धारणा होती. वाट बंद असल्यास खेळाडू मागे वळत, पुन्हा जुळणी करीत व वेग घेऊन येत. तीस मीटर रुंदीच्या बर्फावर असे वळणे परवडते. आंतरराष्ट्रीय नियमांत क्रीडांगणाच्या सर्व भागांत शरीराने धडक देण्यास १९६९ पर्यंत परवानगी नव्हती, हेही या शैलीच्या पथ्यावर पडले. १९५४ मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेत प्रथमच उतरलेल्या सोव्हिएट संघाने कॅनडाला ७–२ असे हरवून विजेतेपद मिळविले.

कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू व सोव्हिएट संघ यांची गाठ सप्टेंबर १९७२ मध्ये आठ सामन्यांच्या मालिकेत पडली. पहिले चार सामने कॅनडातील अरुंद व नंतरचे चार मॉस्कोतील रुंद बर्फावर झाले. मापे हेच सर्वस्व मानणाऱ्यांनी या मालिकेचे निकाल पाहावेत. कॅनडातील चार सामन्यांत सोव्हिएट संघाने दोन जिंकले (माँट्रिऑलचा पहिलाच सामना ७–३ असा), एक गमावला व एक बरोबरीत सुटला. मॉस्कोत कॅनडाने चारपैकी तीन जिंकून मालिका घेतली. अखेरचा गोल पॉल हेंडरसन याने सामना संपण्यास ३४ सेकंद असताना केला. क्रीडांगण शैली घडविते. पण घडलेली शैली अंगात मुरली की ती परक्या बर्फावरही काम देते, आणि चांगला संघ आठ सामन्यांच्या अवधीतही शिकतो.

सापळा व त्यावरील उपाय : तांबड्या रेषेपलीकडे पास नाही, या नियमाचा बचावासाठी पुरेपूर उपयोग १९९० नंतरच्या काळात झाला. न्यू जर्सीच्या संघाने प्रशिक्षक झाक लेमेर याच्या मार्गदर्शनाखाली मधल्या भागात खेळाडूंची आडवी फळी उभारण्याचे तंत्र अवलंबिले. प्रतिपक्षाला लांब पास देता येत नसल्याने त्याला या फळीकडेच यावे लागे आणि तेथे चकती हिरावली जाई. १९९५ च्या अंतिम मालिकेत या संघाने डिट्रॉइटच्या अधिक आक्रमक संघाला सलग चार सामन्यांत हरविले. नियमाविरुद्ध यात काहीच नव्हते. कमी साधनांच्या संघाला बलाढ्य संघाशी टक्कर देण्याचा तो चोख मार्ग होता. पण सर्वांनीच तो धरल्यावर खेळ नीरस झाला.

आंतरराष्ट्रीय महासंघाने दोन रेषांपलीकडील पासवरील बंदी १९९८ मध्ये उठविली. एनएचएलला ते सुचण्यास आणखी सात वर्षे व एक पूर्ण रद्द झालेला हंगाम लागला. मालक व खेळाडू यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा हंगाम झालाच नाही. त्यानंतर २००५-०६ मध्ये नियमांचा मोठा संच एकदम बदलण्यात आला. लांब पास मोकळा झाला, निळ्या रेषा मध्याकडे सरकवून मधला भाग १६.५ मी. वरून १५.२ मी. वर आणला, गोलरक्षकांच्या साधनांची मापे कमी केली, आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलण्यास मनाई झाली आणि काठीने वा हाताने अडवणूक केल्यास पंच कसोशीने शिक्षा देऊ लागले. सामन्यामागे गोलांची सरासरी सु. ५.१ वरून सु. ६.२ वर गेली. यांतील कोणत्या बदलाचा वाटा किती, हे सांगणे अवघड आहे. शिक्षांची संख्या वाढल्याने एक खेळाडू जास्त असण्याची संधीही वाढली होती, हे विसरता येत नाही.

गोलामागील जागा : एनएचएलमध्ये गोलरेषा मागच्या कठड्यापासून पूर्वी ३.०५ मी. वर होती. एडमंटनचा वेन ग्रेट्स्की गोलाच्या पाठीमागे उभा राहून पास देण्यात इतका तरबेज होता, की त्या जागेला त्याचे ‘कार्यालय’ म्हणत. अशा खेळाला वाव मिळावा म्हणून ही रेषा १९९०-९१ मध्ये ३.३५ मी. वर व १९९८-९९ मध्ये ३.९६ मी. वर आणण्यात आली. मागची जागा वाढली तेवढीच पुढची आक्रमणाची जागा आटली, असे अनुभवास आल्यावर २००५ मध्ये रेषा पुन्हा ३.३५ मी. वर गेली. त्याच वर्षी गोलामागे समलंब चौकोन आखून त्याबाहेरील कोपऱ्यांत गोलरक्षकाने चकती हाताळू नये असे ठरले; मार्टिन ब्रॉडर याच्यासारखे गोलरक्षक तिसऱ्या बचावपटूचे काम करीत व कोपऱ्यात फेकलेली चकती सहज बाहेर काढीत. साठ मीटरच्या क्रीडांगणावर साठ सेंटिमीटरसाठी एवढी उलथापालथ व्हावी, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

शिक्षा व खेळाडूंची संख्या : दोन मिनिटांची किरकोळ शिक्षा झालेला खेळाडू दंडकक्षात बसतो व त्याचा संघ एका खेळाडूने कमी होतो. पूर्वी कितीही गोल झाले तरी ही दोन मिनिटे पूर्ण भरावी लागत. नोव्हेंबर १९५५ मध्ये माँट्रिऑलच्या झाँ बेलिव्हो याने बॉस्टनविरुद्ध अशाच एका संधीत ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढील हंगामापासून एक गोल झाला की शिक्षा संपते, असा नियम झाला. बर्फावरील खेळाडू कमी केल्याने काय होते, हे जादा वेळेच्या नियमांत उघड दिसते. एनएचएलने साखळी सामन्यांच्या जादा वेळेत १९९९ मध्ये चार-चार व २०१५ मध्ये तीन-तीन खेळाडू ठेवले. वर काढलेला प्रत्येकी १५० चौ. मी. चा वाटा तिघांच्या खेळात २५० वर जातो. सापळा रचणे अशक्य होते, चकती गमावली की पाठीमागे कोणी नसते. म्हणून संघ घाईने फटका मारण्याऐवजी चकती मागे नेऊन वाट पाहू लागतात. मोकळ्या जागेने इथेही धाडसाबरोबर सावधपणा आणलाच.

इजा व सुरक्षितता : आयसिंगच्या जुन्या एनएचएल पद्धतीत बचावपटूने चकतीला प्रथम स्पर्श केला तरच खेळ थांबे. त्यासाठी दोन खेळाडू पूर्ण वेगाने मागच्या कठड्याकडे शर्यत करीत आणि गंभीर अपघात होत. आंतरराष्ट्रीय महासंघाने चकतीने रेषा ओलांडताच शिटी वाजविण्याचा नियम केला होता. त्यात शर्यतीचा थरार गेला, पण हाडे वाचली. शर्यतीचा निकाल ठिपक्यांपाशीच ठरविण्याचा मधला मार्ग एनएचएलने २०१३ मध्ये व महासंघाने २०१४ मध्ये स्वीकारला. स्त्रियांच्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत (१९९०) शरीराने धडक देण्यास परवानगी होती. नंतर ती काढून घेण्यात आली व स्त्रियांचा खेळ स्केटिंग व पास यांवर अधिक उभा राहिला. पुरुषांच्या खेळात डोक्यावर रोखलेल्या धडकांविरुद्ध एनएचएलने २०१० मध्ये स्वतंत्र नियम केला. एव्हाना खेळाडू पूर्वीपेक्षा उंच, वजनदार व वेगवान झाले आहेत आणि उत्तर अमेरिकेतील बर्फ मात्र तेवढाच आहे. क्रीडांगण रुंद करावे अशी सूचना वेळोवेळी पुढे आली. परंतु त्यासाठी प्रेक्षागारातील सर्वांत महागड्या, कठड्यालगतच्या रांगा काढाव्या लागतात.

ऑलिंपिकमधील अनुभव : व्हँकूव्हर येथील २०१० च्या ऑलिंपिकसाठी एनएचएलच्या मापाचा बर्फ वापरण्यात आला. सोची येथे २०१४ मध्ये पुन्हा ३० मी. रुंद बर्फ होता. तेथे कॅनडाने सहा सामन्यांत अवघे तीन गोल होऊ दिले, उपांत्य सामना अमेरिकेविरुद्ध १–० असा आणि अंतिम सामना स्वीडनविरुद्ध ३–० असा जिंकला. रुंद बर्फ म्हणजे मोकळा, गोलांचा खेळ, ही समजूत त्या स्पर्धेने बरीच खोटी पाडली. कॅनडाचे वेगवान खेळाडू चकतीपाठीमागे झटकन परतून मध्य व्यापीत व प्रतिपक्ष कडेने फिरत राही.

त्यानंतर कल अरुंदीकडे झुकला. बीजिंग येथे २०२२ मध्ये क्रीडांगण सु. २६ मी. रुंद होते. मिलान–कोर्तीना येथील २०२६ च्या स्पर्धेसाठी ६० × २६ मी. हे माप ठरले. ते एनएचएलच्या क्रीडांगणापेक्षा लांबीला सु. एक मीटरने कमी आहे, हे लक्षात आल्यावर २०२५ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेत बरीच चर्चा झाली. पूर्वी वाद चार मीटरचा होता, तो एका मीटरवर आला. ज्या खेळाडूच्या नजरेत निळ्या रेषेचे अंतर वीस वर्षांच्या सरावाने बसलेले असते, त्याला हा मीटर जाणवतो.

भारत : भारतात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये रुजला असून भारतीय संघटना १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. लेहच्या परिसरात हिवाळ्यात तळी गोठली की त्यांवर खेळतात. सेनादलांच्या संघांनीही खेळाच्या प्रसाराला हातभार लावला आहे. गावोगावच्या तळ्यांवर उंच कठडे नसतात. त्यामुळे कठड्यावरून चकती वळवून पास देणे, प्रतिस्पर्ध्याला कठड्याशी दाबणे ही कौशल्ये तेथे सहजासहजी येत नाहीत. फटकाही जपून मारावा लागतो, कारण बाहेर उडालेली चकती शोधण्यात वेळ जातो. सु. ३,५०० मी. उंचीवरील विरळ हवेत खेळाडूला बाकावर लवकर परतावे लागते. नैसर्गिक बर्फ टिकतो तो जेमतेम दोन महिने. पूर्ण मापाचे बंदिस्त क्रीडांगण डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बांधण्यात आले. ते त्यानंतर अनेक वर्षे बंद राहिले व २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले.